मीठ, घड्याळजी आणि मामाचे रील

हल्ली घरात 'रील' हा शब्द उच्चारला की आमचा कॉलेजात शिकणारा मुलगा लगेच खिशातला मोबाईल काढतो. त्यामुळे सुरुवातीलाच सांगून टाकतो, हा लेख त्या रीलांविषयी नाही. मासे गरवायच्या काठीला दोरा गुंडाळायचे जे यंत्र लावलेले असते, त्या रीलविषयी आहे. आणि तेही नदीकाठी किंवा मानशीवर बसून गरवणाऱ्यांचे नव्हे, तर समुद्राच्या फुटत्या लाटांत कमरेएवढ्या पाण्यात किंवा खडपावर उभे राहून गरवणाऱ्यांचे रील. मोठा विषय वाटत नाही ना? मलाही वाटला नव्हता.

लेखाला निमित्त झाले माझ्याच एका खोटेपणाचे. माझा मामा सत्तावीस वर्षे तारवार होता. गोव्याबाहेरचे कुणी हे वाचत असेल तर सांगतो, तारवार म्हणजे बोटीवर नोकरीला. इंजिनरूममध्ये फिटर. १९८३ साली बोट अमेरिकेत फिलाडेल्फिया बंदराला लागली असताना त्याने तिथल्या एका दुकानातून एक रील विकत घेतले. 'पेन' कंपनीचे 'स्क्विडर'. काळ्या बाजूंचे, चकचकीत कड्यांचे, हातात घेतले तर आईच्या पानाच्या डब्याएवढे जड. रजेवर आला की मामा ते घेऊन तेरेखोलच्या मुखाशी जायचा आणि मी पिशवी धरून मागे. दोरा सुटतानाचा तो 'टर्रर्र' आवाज माझ्या लहानपणाचा आवाज आहे.

पुढे मामाचे गुडघे गेले. खडपावर उभे राहणे बंद झाले, तेव्हा त्याने ते रील माझ्या हातात दिले. मी ते काही वर्षे वापरले आणि एका मे महिन्याच्या अखेरीस, रात्री दमून आल्यावर, तसेच ओले प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटाखाली सरकवले. मग पाऊस आला. चतुर्थीला पिशवी उघडली तर रील म्हणजे एक दगड झाला होता. हँडल फिरेना, चकती हलेना, कड्यांवर हिरवा कळक आणि स्क्रूंच्या भोवती पांढरी भुकटी.

मामा दर चतुर्थीला विचारायचा, "रील बरें आसा मूं?" आणि मी म्हणायचो, "आसा, आसा." असे दहा वर्षे चालले. सरकारी नोकरीत 'कार्यवाही चालू आहे' हे उत्तर द्यायची सवय असते, त्यातलाच हा प्रकार.

गेल्या वर्षी मामाने अठ्ठ्याहत्तरी गाठली. तेव्हा मनाने घेतले की हे आता निस्तरायला हवे. आधी होड्यांची इंजिने दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे गेलो. त्याने हातोडी उचलली, तसा मी रील उचलून परत आलो. शेवटी कुणीतरी म्हापशाच्या बाजारातल्या एका जुन्या घड्याळजींचे नाव सुचवले. हे गृहस्थ हल्ली बहुतेक वेळ घड्याळांचे सेल बदलण्यात घालवतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, रील उलटसुलट केले आणि म्हणाले, "हें घड्याळूच न्हय, बाब? फकत कांटे नात." मग नखाने ती पांढरी भुकटी खरवडून जिभेला लावली आणि एकच शब्द बोलले, "मीठ."

हे दोन शब्द, घड्याळ आणि मीठ, मी डोक्यात घेऊन घरी आलो. पुढचे काही महिने ऑफिस सुटल्यावर या यंत्राचा इतिहास वाचत बसलो आणि थक्क झालो. म्हापशाच्या त्या घड्याळजींनी एका वाक्यात जे सांगितले, तोच रीलचा सगळा इतिहास आहे.

काठीला रील लावल्याचे जुने चित्र चीनमधले आहे. सोंग काळातला चित्रकार मा युआन याने इ. स. ११९५च्या सुमारास काढलेले. गारठलेल्या तळ्यात एक छोटी होडी, होडीत एकटा माणूस आणि त्याच्या काठीला चक्क एक छोटे चाक. ते चित्र आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. इंग्लंडमध्ये रीलचा उल्लेख मिळतो तो थॉमस बार्करच्या १६५१ सालच्या पुस्तकात. पण ही सगळी रिळे म्हणजे दोरा गुंडाळून ठेवायची साधी चाके. हँडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा. त्यात यंत्र म्हणावे असे काही नव्हते.

यंत्र म्हणून ते नावारूपाला आले अमेरिकेतल्या केंटकी राज्यात. तिथल्या पॅरिस नावाच्या गावी जॉर्ज स्नायडर नावाचा एक घड्याळजी राहत होता. मासे गरवायचा त्याला नाद. १८२०च्या सुमारास त्याने आपल्या दुकानातल्याच हत्यारांनी एक रील बनवले, ज्यात हँडल एकदा फिरवले की दातेरी चाकांमुळे दोऱ्याची चकती चार वेळा फिरे. लांब फेकायला मोकळे आणि भरभर ओढायला सोपे. त्याच्यामागून त्याच राज्यातल्या फ्रँकफर्ट गावच्या मीक बंधूंनी तो धंदाच केला, तेही घड्याळजीच. म्हणजे आपण ज्याला मासेमारीचे सामान समजतो, ते घडत गेले घड्याळाच्या दुकानात, भिंगाखाली, चिमट्याने.

इथवर ठीक होते, कारण केंटकीला समुद्र नाही. हे घड्याळ नदीत आणि तळ्यात चालत होते. भानगड सुरू झाली ते समुद्रावर नेल्यावर.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, मॅसॅच्युसेट्स राज्याजवळ कटीहंक नावाचे एक लहानसे बेट आहे. तिथे १८६४ साली न्यूयॉर्कच्या काही धनिकांनी गरवण्याचा क्लब काढला. खडपांवरून थेट समुद्रात लाकडी फळ्यांचे अरुंद पूल बांधले, त्यांच्या टोकाला बसायची जागा केली आणि तिथून ते 'स्ट्राइप्ड बास' हा पट्ट्यापट्ट्यांचा मोठा मासा गरवत. आमिष म्हणून शेवंडाच्या शेपट्या वापरत. आज गोव्यातल्या हॉटेलात शेवंडीचा भाव विचारून पाहा, म्हणजे ती श्रीमंती कळेल!

त्यांचा दोरा तागासारख्या, जवसाच्या झाडाच्या वाखाचा असे. प्रत्येक वेळी तो रीलवरून सोडवून वाळत घालावा लागे, नाहीतर कुजे. आणि रील? त्याला ब्रेकच नव्हता. मासा पळू लागला की हँडल उलटे गरगर फिरे आणि बोटांच्या सांध्यांवर आदळे. दोऱ्यावर चामड्याची टोपी घातलेला अंगठा दाबून धरायचा, हाच ब्रेक. ही रिळे 'जर्मन सिल्व्हर' आणि कडक केलेल्या रबराची बनवत. आपल्या जुन्या घरांतून जर्मन सिल्व्हरची भांडी असायची. त्यात चांदी कणभरही नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. रीलवाल्यांनी तो निवडला, कारण लोखंडासारखा तो गंजत नाही.

ब्रेकचा प्रश्न सुटला १९१३ साली. विल्यम बोशेन या माणसाच्या कल्पनेवरून ब्रुकलिनच्या ज्यूलिअस व्हॉम होफने असे रील बनवले की त्यात एकावर एक चकत्या बसवून त्या चांदणीच्या आकाराच्या चाकाने आवळता येत. मासा ठरावीक जोराने ओढू लागला की चकत्या घसरून दोरा सुटणार, हँडल मात्र जागच्या जागी. हाच आजचा 'ड्रॅग'. त्याच वर्षी बोशेनने कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटालिना बेटापाशी असल्या रीलवर तलवारमासा पकडला. काठी-रीलवर पकडलेला त्या जातीचा तो पहिला मासा. बोटांचे सांधे वाचले, पण यंत्रात आणखी दहा भाग वाढले आणि मिठाला शिरायला आणखी दहा जागा झाल्या.

आता या मिठाकडे वळू. आपण गोवेकर, मीठ आपल्याला काय सांगायचे? पेडण्यात आगरवाड्याची मिठागरे आम्ही लहानपणापासून पाहिलेली. पण मीठ रीलला नेमके काय करते ते मला घड्याळजींनी दाखवीपर्यंत कळले नव्हते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटेचा शिंतोडा रीलच्या फटीत शिरतो, पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. आपल्याला वाटते, वाळले म्हणजे झाले. पण स्वयंपाकघरातली जाड मिठाची बरणी आठवा. आषाढ लागला की तिला पाणी सुटते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे कपाटाखाली ठेवलेले माझे रील चार महिने वाळत नव्हते, ते चार महिने खाऱ्या पाण्यात बुडालेले होते. वर प्लॅस्टिकची पिशवी घालून मीच ती वाफ आत कोंडली होती.

दुसरी गोष्ट धातूंच्या भांडणाची. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी बनते आणि त्यातला एक झिजू लागतो. मांडवी-जुवारीच्या काठी बार्ज दुरुस्त होतात तिथे पाहिले असेल, पाण्याखाली राहणाऱ्या लोखंडाला जस्ताच्या वड्या जोडलेल्या असतात. लोखंडाऐवजी जस्त झिजावे म्हणून. रीलमध्ये अॅल्युमिनियमच्या अंगात पोलादी स्क्रू बसवलेला असतो. तिथे जस्ताची वडी नाही, त्यामुळे झिजायचे काम अॅल्युमिनियमकडे येते. स्क्रूभोवतीची पांढरी भुकटी म्हणजे नुसते मीठ नव्हे, मिठाने खाल्लेले अॅल्युमिनियमही.

हे भांडण टाळायला धातूच कमी करायचा, हा उपाय फिलाडेल्फियात निघाला. जर्मनीहून आलेल्या ओटो हेन्झे याने १९३२ साली तिथे 'पेन' कंपनी सुरू केली. साल पाहा. अमेरिकेत महामंदी होती, कारखाने बंद पडत होते आणि हा माणूस मासे गरवायची रिळे काढत होता. व्हॉम होफची रिळे धनिकांसाठी होती. हेन्झेची गिरणीत आणि गोदीत काम करणाऱ्या माणसाला परवडतील अशी होती. बाजूच्या तबकड्या त्याने बेकेलाइटच्या केल्या. आपल्या घरांतले जुने काळे विजेचे बटण आठवा, तेच हे बेकेलाइट. १९०७ साली लिओ बेकलंडने शोधलेले. त्याला मीठ खात नाही आणि ते गंजत नाही. आपटले तर मात्र तडकते.

मामाच्या 'स्क्विडर'चे नावही मजेशीर आहे. त्या किनाऱ्यावर चकचकीत कथलाचा मासा करून तो लाटांत फेकण्याला 'स्क्विडिंग' म्हणत. स्क्विड म्हणजे आपली माणकी. त्या फेकण्यासाठी बनवलेले रील ते स्क्विडर. त्याची खुबी अशी की एक स्क्रू सैल केला की हँडलसकट एक बाजू अलगद बाहेर येते आणि चकती मोकळी होते. वाळूत उभे राहून, हत्याराशिवाय. आणि डब्यात एक घडीचा कागद मिळे. त्यावर रीलचा प्रत्येक भाग सुटा करून काढलेला, प्रत्येकाला नंबर. जो भाग बिघडला त्याचा नंबर सांगा, तेवढाच भाग मागवा. तो कागद मामाने पासपोर्टच्या पाकिटात जपून ठेवला होता. फिटर माणूस, कागदाची किंमत त्याला माहीत. रीलबरोबर त्याने तो मला दिला आणि मी तो ड्रॉवरात टाकला.

नायलॉनने पुन्हा एक गंमत केली. १९३८ साली नायलॉन जाहीर झाले आणि पुढे वाखाच्या दोऱ्याची जागा त्याच्या तंगुसाने घेतली. वाळत घालायची कटकट गेली. पण तंगूस ताणले जाते आणि मोठा मासा ओढून घेताना ताणलेलेच गुंडाळले जाते. मग ते आकसताना आतल्या चकतीला असे आवळते की प्लॅस्टिकची चकती फुटते. म्हणून चकत्या पुन्हा धातूच्या कराव्या लागल्या. एक दुखणे बरे करावे तर दुसरे निघावे, अशी ही कहाणी.

आज आपल्या किनाऱ्यावर पोरांच्या हातात दिसते ते रील मात्र दुसऱ्या घराण्यातले. त्याचा जनक इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा कापडधंद्यातला माणूस, आल्फ्रेड इलिंगवर्थ. गिरणीत सुताची कांडी जागेवर स्थिर असते आणि सूत तिच्या टोकावरून सरसर सुटत जाते, हे तो रोज पाहत होता. तीच युक्ती त्याने १९०५ साली रीलसाठी पेटंट करून घेतली. चकती फिरतच नाही, त्यामुळे गुंताही कमी. नवशिक्यालाही फेकता येते. दुसऱ्या महायुद्धानंतर ही रिळे जगभर पसरली. त्यात फ्रान्समधल्या क्लूझ गावच्या 'कार्पानो ए पाँस'ची 'मिचेल' रिळे फार गाजली. क्लूझ हे घड्याळांचे भाग बनवणारे गाव! स्वीडनमधली 'आबू' कंपनीही १९२१ साली घड्याळांच्या धंद्यातूनच निघाली, टॅक्सीचे मीटर बनवत असे आणि पुढे रिळांकडे वळली. मी हे वाचले तेव्हा म्हापशाचे ते घड्याळजी डोळ्यांपुढे आले.

या नव्या घराण्यालाही मिठाने सोडले नाही. दोरा पकडणारी तारेची कमान असते, तिची स्प्रिंग गंजून ऐन वेळी तुटते. न्यूयॉर्कजवळच्या माँटॉकच्या टोकावर रात्री रबरी पोशाख घालून, खडपांपर्यंत पोहत जाऊन गरवणारे लोक आहेत. त्यांच्यातल्या अनेकांनी ती कमानच काढून टाकली. दोरा बोटाने उचलून जागेवर ठेवायचा. जो भागच नाही तो बिघडणार कसा? ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये चार्ल्स आल्वी याने १९२० साली सुरू केलेल्या कंपनीने याहून साधा मार्ग धरला. नुसते एक मोठे चाक; फेकताना आडवे वळवायचे, ओढताना सरळ करायचे. दोऱ्याला पीळ पडतो हा त्याचा दोष. पण वाळू गेली तर लाटेतच खळखळून धुता येते आणि तिथल्या लांबच लांब वाळूच्या किनाऱ्यांवर ते पिढ्यान्‌पिढ्या चालले.

१९९०च्या दशकात माँटॉकच्याच मंडळींना डोळ्यांपुढे ठेवून 'व्हॅन स्टाल' रिळे आली. अॅल्युमिनियमच्या एकसंध गजातून कोरलेली, सगळे सांधे रबरी कड्यांनी बंद, पाण्यात बुडवली तरी आत थेंब नाही. २०१०च्या सुमारास जपानच्या 'दाइवा'ने चुंबकाने धरून ठेवलेल्या तेलाचा पडदा रीलच्या फटीत बसवला. हे चुंबकी तेल मूळचे अमेरिकेच्या 'नासा'त १९६३च्या सुमारास अग्निबाणाच्या इंधनाच्या प्रश्नावर शोधलेले. घड्याळापासून अग्निबाणापर्यंत, आणि शत्रू कोण? तर आपल्या बरणीतले मीठ.

पण या बंद रिळांना एक अट असते. ती घरी उघडायची नसतात. कड्या पुन्हा नीट बसल्या नाहीत तर पाणी आत शिरते आणि बाहेर पडायला वाट मिळत नाही. सर्व्हिसिंगला कंपनीकडे पाठवायचे. माँटॉकच्या माणसाला ते सोयीचे आहे. तेरेखोलच्या माणसाने कुठे पाठवायचे? म्हणून माझे मत असे झाले आहे की टिकाऊ रील म्हणजे न बिघडणारे नव्हे. तसले अजून कुणी बनवलेले नाही. बिघडल्यावर आपल्या गावात उघडता येते आणि ज्याचा भाग नंबर सांगून मिळतो, ते टिकाऊ.

मुलाच्या मित्रांनी विचारले म्हणून त्यांना जे सांगितले तेच इथे लिहितो. आपल्या किनाऱ्यावरून चणक, तामसो गरवायला दहा-अकरा फुटी काठी आणि ५००० ते ६००० मापाचे रील पुरते. दुकानदार 'यात बारा बेअरिंग आहेत' म्हणून सांगेल, त्याला भुलू नये. प्रत्येक बेअरिंग म्हणजे गंजायची आणखी एक जागा. चारपाच असली तरी चालतील, पण ती गंजरोधक पोलादाची हवीत. अंग धातूचे असेल तर ते अॅनोडाइझ केलेले पाहावे. ग्रॅफाइटचे गंजत नाही, पण ताणाखाली वाकते आणि मग आतली दातेरी चाके एकमेकांवर नीट बसत नाहीत. ड्रॅगच्या चकत्या कार्बन तंतूंच्या आणि झाकलेल्या असाव्यात. डब्यावर आयपीएक्स ५ किंवा ६ असा आकडा असतो, तो पाण्याच्या फवाऱ्याची चाचणी सांगतो. पण ती चाचणी गोड्या पाण्याची असते आणि रील नवे असतानाची, हे विसरू नये. आणि सगळ्यात आधी विचारावे, याचा सुट्या भागांचा तक्ता मिळतो का?

आता निगा. घरी आलो की त्याच रात्री, जेवायच्या आधी. ड्रॅग पूर्ण आवळायचा, म्हणजे चकत्यांत पाणी जात नाही. मग नळाची बारीक धार किंवा झारी. जोराचा फवारा मारू नये, त्याने वरचे मीठ आत ढकलले जाते. बादलीतही बुडवू नये. हँडल फिरवत धुवायचे, मऊ फडक्याने पुसायचे, पंख्याखाली वाळवायचे आणि मग ड्रॅग सैल सोडायचा, नाहीतर चकत्या दबून बसतात. दोरा ज्या छोट्या चाकावरून जातो तिथे आणि हँडलच्या मुठीत तेलाचा एक थेंब. हँडल उलटे फिरू न देणारे जे बेअरिंग असते त्याला ग्रीस लावू नये, ते घसरू लागते. गंज सोडवणारा जो स्प्रे मिळतो तो वंगण नव्हे. तो असलेले ग्रीसही धुऊन नेतो. वर्षातून एकदा, जूनमध्ये समुद्र खवळला की, पांढऱ्या फडक्यावर एकेक भाग ओळीने मांडत रील उघडावे, मोबाईलवर फोटो काढत जावे. मोबाईलमधले रील या रीलच्या उपयोगी पडते ते असे. आणि पावसाळ्यात प्लॅस्टिकची पिशवी कधीही नको. जुने सुती कापड पुरे.

मामाच्या रीलचे पुढे काय झाले ते सांगतो. घड्याळजींनी ते आठ दिवस तेलात भिजत ठेवले आणि एकेक भाग सोडवला. एक बेअरिंग कामातून गेले होते. मी ड्रॉवरातून मामाचा तो घडीचा कागद शोधून काढला, त्यावरचा नंबर परदेशात असलेल्या मावसभावाला कळवला. रीलचे उत्पादन बंद होऊन वर्षे झाली, पण भाग मिळाला. बेकेलाइटला काहीही झाले नव्हते. शेवटी जोडणी घड्याळजींनी मला करायला लावली. स्वतः नुसते शेजारी बसले. "उक्तें करूंक शिकलो, आतां धांपूंक शीक," म्हणाले.

चतुर्थीच्या तिसऱ्या दिवशी मी रील मामासमोर ठेवले आणि दहा वर्षांचे सगळे खरे सांगून टाकले. मामाला आता नीट दिसत नाही. त्याने रील हातात घेतले, कडांवरून बोट फिरवले, हँडल कानाशी नेऊन सावकाश फिरवले.

"म्हाका खबर आशिल्लें रे," तो म्हणाला. "धा वर्सां रील बरें आसा म्हणटा, आनी नुस्तें मात एकय हाडूंक ना."

मग पुन्हा एकदा हँडल फिरवून म्हणाला, "आवाज जड मारता. ग्रीस चड घातलां तुवें."

त्याच रात्री घरी येऊन रील पुन्हा उघडले. ग्रीस खरोखरच जास्त झाले होते.